अर्डबेग १० ला एकाने ९१ दिले, दुसऱ्याने ४८. वहीत काय लिहायचं?

कर्वेनगरी:

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण त्यावरून आमच्या चौघांत गेल्या बैठकीपासून धुसफूस चालू आहे. म्हणून इथे आणतोय.

आम्ही चौघं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सहकारनगरला एकाच्या गच्चीवर बसतो. सगळ्यांनी पंचविशी कधीच ओलांडलेली, परवाने खिशात. एका वेळी एकच सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) घ्यायची, चौघांनी मार्क द्यायचे आणि सीएने ते वहीत उतरवायचे, असा रिवाज आहे. वास २५, चव २५, गिळल्यावर जे मागे रेंगाळतं त्याचे २५ आणि एकूण तोलाचे २५. सीए असल्यामुळे सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत निघते. आजवर सगळं सुरळीत होतं. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट, आपली इंद्री, सगळ्यांना सत्तर ते ब्याऐंशीच्या पट्ट्यात मार्क, भांडण नाही.

या वेळी डॉक्टर (दातांचा) परदेशातून येताना ड्यूटी फ्रीमधून अर्डबेग १० (म्हणजे दहा वर्षं मुरवलेली) घेऊन आला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथली. हिरवी बाटली, ४६ टक्के अल्कोहोल. बूच निघालं आणि डॉक्टरच्याच तोंडून पहिला शब्द आला, "डेटॉल."

मी माझ्यापुरतं सांगतो. नाकाला आधी जळकं लाकूड आणि डांबर. जरा थांबल्यावर त्याच्या मागून लिंबाची साल, अगदी किसणीवर किसताना येते तशी. तोंडात गेल्यावर चक्क गोड, मग मिरे, आणि गिळल्यावर राख. ती राख मी घरी पोचून दात घासले तरी होती. मी ९१ दिले. होस्टने ८८. डॉक्टरने ४८ दिले आणि उरलेला पेग माझ्या ग्लासात ओतून चिवड्याकडे वळला. सीएने ५२ दिले. त्याची तक्रार अशी की रंग अगदी पांढुरका आहे, म्हणजे नीट मुरलेली नाही, आणि बर्फ टाकल्यावर ती गढूळ झाली, म्हणजे माल संशयास्पद.

सरासरी ६९.७५. वहीप्रमाणे अर्डबेग आता ग्लेनफिडिकच्या खाली. हे मला झोपू देत नाहीये. धुरकट व्हिस्कीला मार्क देण्याची काही वेगळी रीत असते का? की एकाला भावते, एकाला नाही म्हणून सोडून द्यायचं?

शनिवारचा_बाळू:

ओल्ड मंक, कोमट पाणी, लिंबाची फोड. आम्ही पाच जण बसतो, आजवर कोणी वही काढलेली नाही.

गोवा_रिटर्न:

बाळूशेठ, नेहमीप्रमाणे विषयाला धरून. 😀

कर्वेनगरी, तुमचा डॉक्टर बिचारा थेट खोल पाण्यात ढकलला गेला. धुराचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. अर्डबेग ५० ते ५५, लाफ्रॉइग ४० ते ४५, लागावूलिन साधारण ३५, बोमोर २५. म्हणजे तुम्ही शिडीच्या वरच्या पायरीवरून सुरुवात केलीत. आधी बोमोर १२ किंवा टॅलिस्कर १० द्यायला हवी होती. पीपीएम बघून चढत जायचं, एवढा साधा हिशोब आहे.

परीक्षानळी:

हिशोब तेवढा साधा नाही. त्याकडे येते, पण आधी ते ६९.७५ वहीतून खोडा. तुमच्यातल्या एकाचंही मत सत्तरच्या आसपास नाही. दोघं नव्वदीच्या अंगाला, दोघं पन्नाशीच्या. ही सरासरी म्हणजे गच्चीवर न आलेल्या पाचव्या माणसाचं मत आहे.

माझी नोकरी पिंपरीच्या बाजूला खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला झाली. चव घेणाऱ्यांचं पॅनेल तयार करायचं, त्यांच्याकडून चाखून घ्यायचं आणि आकडे काढायचे. बिस्किटं, सरबतं, मसाले. व्हिस्की कधीच नाही, ती निवृत्तीनंतर. (आमच्याकडे दोघंही घेतो. हे सोडा घालतात, मी घालत नाही. संसार टिकून आहे.)

तुमच्या वहीत दोन वेगळे प्रश्न एका आकड्यात कोंबलेत. यात काय आहे आणि किती आहे, हा एक प्रश्न. मला हे किती आवडलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायला माणूस शिकवून तयार करावा लागतो, आणि त्याची आवडनिवड आम्ही विचारतच नसू. दुसऱ्याचं उत्तर कोणीही द्यावं, त्यात चूक-बरोबर नसतं. त्यासाठी नऊ पायऱ्यांची पट्टी असते. १ म्हणजे अजिबात आवडलं नाही, ९ म्हणजे अतिशय आवडलं, मधला ५ म्हणजे ना इकडे ना तिकडे. अमेरिकी सैन्याला जवानांच्या जेवणासाठी अशी पट्टी हवी होती, तेव्हा १९५० च्या आसपास ती बनली आणि अजून सगळीकडे तीच वापरतात. तुमची २५-२५ ची पद्धत एकट्याने शेकडो बाटल्या चाखणाऱ्या समीक्षकाला ठीक आहे, कारण त्याचे मार्क त्याच्याच दुसऱ्या मार्कांशी ताडून बघता येतात. चार जणांच्या जिभा एकत्र करून भागिले चार केलं की त्यातून काहीच कळत नाही.

आता तुमचे डॉक्टर. चौघांत नाक त्यांचं तयार आहे, हे माझं ठाम मत. माल्टसाठी बार्ली भिजवून मोड आणतात आणि ती ओलसर असतानाच खाली पीट पेटवून वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ आणि झाडोरा. त्या धुरातून दाण्यावर बसतात ती रसायनं म्हणजे फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल आणि त्यांची सगळी भावकी. दातांच्या दवाखान्यात लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी फॉर्मोक्रेसॉल वापरत आलेत, त्यातलं क्रेसॉल हेच. लवंगेच्या तेलातलं युजेनॉलही याच कुळातलं, ते तर त्यांच्या हाताला कायम लागलेलं. दिवसभर दवाखान्यात जो वास घेतला तोच शनिवारी संध्याकाळी ग्लासातून आला, तर माणूस ४८ देणारच. पण त्यांनी "क्रेसॉल, तीव्र" एवढंच लिहिलं असतं ना, तर वहीतली ती सगळ्यात कामाची ओळ झाली असती.

सीएसाहेबांचे ५२ मात्र मी बाद धरते. ते मार्क त्यांनी डोळ्याने दिलेत. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे आणि भरपूर जण घालतात, त्यामुळे रंगावरून वय काढायला जाऊ नये. अर्डबेग १० मध्ये रंग घालत नाहीत, आणि ती मुरते बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) जुन्या पिंपांत. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाइतका रंग तिथून उतरत नाही. गढूळपणाचं म्हणाल तर ती माल खराब असल्याची खूण नव्हे. व्हिस्कीत मेदाम्लांचे एस्टर असतात. ते भरपूर अल्कोहोलमध्ये विरघळून राहतात, पण गार केलं किंवा पाणी घालून ४६ टक्क्यांच्या बरंच खाली आणलं की बाहेर पडतात आणि धुकं दिसतं. पुष्कळ कंपन्या ग्राहक घाबरू नये म्हणून व्हिस्की थंड करून गाळून घेतात. अर्डबेगवाले गाळत नाहीत, तसं बाटलीवर लिहितातही. बाटली ४६ टक्क्यांची असण्यामागे हेही एक कारण.

गोवा_रिटर्न, तुमचे पीपीएमचे आकडे बरोबर आहेत, पण ते वाळवलेल्या बार्लीचे आहेत, ग्लासातले नव्हेत. मधल्या वाटेत बरंच गळतं. उदाहरण देते, एक तुमच्या यादीतली, एक बाहेरची. लागावूलिन आणि कोल इला या दोघींना धुरावलेलं माल्ट एकाच बेटावरच्या पोर्ट एलनच्या कारखान्यातून येतं, आकडा दोघींचा साधारण सारखाच, ३५ च्या आसपास. पण शेजारी ठेवून प्या. लागावूलिन १६ जड, गोडसर, चुलीपाशी बसल्यासारखी. कोल इला १२ हलकी, तेलकट, खारट. भट्टीचा आकार वेगळा आणि धार कुठून कुठपर्यंत धरायची तो निर्णय वेगळा. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक. तिथे पहिली धार बाजूला काढून पुन्हा भट्टीत घालतात, आणि धूर येतो तो शेवटाकडे. त्यामुळे भट्टीवाला जितका उशिरापर्यंत धार धरेल तितका धूर जास्त. नंतर पिंपात वर्षं जातात तसा तो ओसरतो. लागावूलिनचीच ८ वर्षांची घेतलीत तर ती १६ पेक्षा धारदार लागेल. म्हणून पीपीएम बघून शिडी चढण्यात अर्थ नाही. माल्ट कुठलं एवढं त्यावरून कळतं, बस.

आणि तो चिवडा. कर्वेनगरी, तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथे अडकले. तिखट कधी खाल्लं, घोटाच्या आधी की नंतर? मिरचीची आग आणि अल्कोहोलची जळजळ तोंडातल्या एकाच रिसेप्टरवर जाऊन आदळतात. तिखट खाऊन ४६ टक्के तोंडात घेतली की दुप्पट भाजते आणि दोष मात्र बाटलीवर जातो. मार्क देऊन होईपर्यंत समोर साधे पाव किंवा न खारवलेले शेंगदाणे, एवढंच ठेवा. बाकरवडी नंतर, ती कुठे पळून जात नाही.

बर्फ तर मुळीच नको. गार केलं की वास बसतो, आणि धुराच्या व्हिस्कीत सगळी गंमत वासाची. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. व्हिस्कीचा खास ग्लेनकेर्न ग्लास नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. ओतून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि मधूनमधून वास घ्या, नाक आत खुपसून नव्हे, तोंड थोडं उघडं ठेवून. नाक एका वासाला थोड्या वेळात सरावतं. धूर पार्श्वभूमीला गेला की खाली दडलेलं वर येतं. तुम्हाला लिंबाची साल जी "मागून" आली ती याच वाटेने. पहिल्या घोटावर मार्क देऊच नका, पहिल्या घोटाला तोंड फक्त अल्कोहोलशी झगडत असतं.

मग पाणी, चमच्याने, काही थेंब. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल तपासून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे पाण्याने धूर मरत नाही, नाकाजवळ येतो. पाणी मात्र नळाचं थेट घेऊ नका. क्लोरिन आणि फिनॉल एकत्र आले की दवाखान्याचा वास आणखी वाढवणारी संयुगं बनतात. पाणीपुरवठ्यातली माणसं या जोडीला घाबरून असतात. उकळून, उघडं ठेवून गार केलेलं पाणी घ्या.

पुढच्या वेळी दोन धुरकट व्हिस्की घ्या आणि ग्लासांना बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा, म्हणजे रंग दिसणार नाही. वहीत दोन रकाने, धूर किती आणि आवड किती, दोन्ही नऊपैकी. बेरीज करायची नाही. हे सीएला जड जाईल, पण सांगा.

गोवा_रिटर्न:

ताई, पीपीएमवरचा पराभव मान्य. 🙏

दुसरी बाटली घ्यायचीच तर देशी घ्या असं सुचवतो. पॉल जॉन बोल्ड, गोव्यातली, तीही ४६ टक्के. बार्ली आपली, पीट आयलावरून आणलेलं. धूर आहे, पण त्यावर मध आणि सुंठ-आल्याचा थर आहे, त्यामुळे डॉक्टर पळून जाणार नाही. वय लिहिलेलं नसतं त्याला नाक मुरडू नका. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून वर्षाला आठेक टक्के उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोन. तिथल्या बारा वर्षांचा हिशोब इथे लावला तर पिंपात वास तेवढा उरेल. दुसरा पर्याय बंगळुरूची अमृत फ्यूजन, ५० टक्के. तिच्यात चार भागांतला एक भाग स्कॉटलंडची धुरावलेली बार्ली, बाकी भारतीय. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत नेऊन विकली, इथे नंतर आणली. धाडस बघा.

गोव्याहून बाटली आणणार असाल तर कागदपत्रं करूनच आणा. इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात.

कर्वेनगरी:

परीक्षानळी ताई, तुमचा प्रतिसाद छापून गच्चीवर वाचून दाखवला. कालच बसलो, म्हणून ताजा वृत्तान्त.

उरलेली अर्डबेग आणि पॉल जॉन बोल्ड (इथूनच घेतली, रीतसर). ग्लासांना वर्तमानपत्र. त्यावरूनही पाच मिनिटं गेली, कारण होस्टच्या वडिलांचं कोडं सोडवायचं राहिलं होतं, ते पान देईनात. ओतण्याचं काम होस्टच्या बायकोने केलं, कुठल्या ग्लासात काय ते तिलाच ठाऊक. चिवडा आतल्या खोलीत.

डॉक्टरने अर्डबेगला धुराचे ८ दिले, आवडीचे ३. बोल्डला धूर ५, आवड ६, आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात (म्हणजे आम्हाला वाचता न येणाऱ्या) "युजेनॉल, कमी" अशी नोंद. मी आणि होस्ट आपापल्या जागी ठाम, अर्डबेगला आवड ८ आणि ८.

मजा सीएची. त्याने न बघता एका ग्लासाला ७ दिले, वर "ही नीट मुरलेली वाटते" असा शेरा. वर्तमानपत्र काढलं तर ती अर्डबेग. तो म्हणाला, ग्लासांची अदलाबदल झाली असणार, पुन्हा ओता. पुन्हा ओतलं, पुन्हा ७. आता त्याचं म्हणणं आहे की दोन रकाने ठीक, पण निदान आवडीच्या रकान्याची सरासरी काढायला काय हरकत आहे?

आणि एक शंका. तो म्हणतो, बोल्ड आणि अर्डबेग मी डोळे मिटून कधीही ओळखून दाखवतो. याची परीक्षा कशी घ्यायची?

परीक्षानळी:

तीन ग्लास. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते सांगायचं. डोळे मिटून नुसतं बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एकदा ओळखलं म्हणून टाळ्या नकोत. जोडी आणि जागा बदलत चार वेळा घ्या. चारही बरोबर आले तर मानू, कारण नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता एक्क्याऐंशीत एक. हा हिशोब त्यांना आवडेल, सरासरीचा विषय तेवढ्यावर निघून जाईल.

पण त्या दोन व्हिस्कींत फरक ढोबळ आहे, ते ओळखतीलच. खरी परीक्षा घ्यायची तर अर्डबेग आणि लाफ्रॉइग १० ठेवा. आणि चार फेऱ्या म्हणजे बारा ग्लास, प्रत्येकात चमचाभरच ओता आणि थुंकायला एक भांडं जवळ ठेवा. लाजायचं कारण नाही, आम्ही पॅनेलवर सरबतसुद्धा थुंकायचो.

अर्डबेग किती उरलीय? निम्म्याच्या खाली गेली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, उभी, उजेडापासून लांब. आडवी ठेवलीत तर बूच खराब होतं.

शनिवारचा_बाळू:

बारा ग्लास धुणार कोण?

कर्वेनगरी:

सीए.